मॉडेल रेल्वेच्या डब्यांना बदली बोग्या: कुठून आणायच्या, कशा बसवायच्या?

निनाद_नौपाडा · शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

माझा मामा इंग्लंडात असतो. घर बदलताना त्याने माळ्यावरची खोकी उपसली आणि मामेभावाबरोबर माझ्यासाठी चार किट धाडली. किटमास्टरचे मार्क-१ डबे (ब्रिटिश रेल्वेचे प्रवासी डबे), ओओ स्केल, म्हणजे १:७६. किटमास्टर हा रोझबड नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीचा ब्रँड होता. १९५८ ला निघाला आणि १९६२ मध्ये साचे एअरफिक्सला विकून मोकळा झाला. त्यामुळे ही खोकी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहेत, अरेतुरे करायची सोय नाही.

डब्यांच्या बाजू, छत, खिडक्या सगळं ठीक. घोळ आहे तो खाली. दोन किटांतल्या बोग्यांच्या (बोगी म्हणजे अख्खा डबा नव्हे, डब्याखालची चार चाकांची फिरती चौकट) साइडफ्रेम, म्हणजे बाजूच्या चौकटी, मोडल्यात, एकात बोग्याच नाहीत, चौथ्यात धड आहेत पण चाकं प्लास्टिकची. मला हे डबे शोकेसमध्ये ठेवायचे नाहीत, पळवायचे आहेत. दिवाणाखाली सरकणाऱ्या प्लायवर १६.५ मिमीचा रूळ टाकलाय, वळणं दुसऱ्या त्रिज्येची, ४३८ मिमी.

तर कुठल्या बोग्या बसतील? ठाण्यात किंवा नवी मुंबईत काही मिळतं का, की सगळं बाहेरूनच? आणि हे जमलं तर पुढे निळ्या-पांढऱ्या आयसीएफ (पेरांबूरची इंटिग्रल कोच फॅक्टरी) डब्यांची डेक्कन क्वीन करायचा विचार आहे. तेव्हा त्याबद्दलही कोणी लिहिलं तर हवंच आहे.

टर्नटेबल_तुर्भे · शनिवार, रात्री ११:०५

आधी तीन मापं द्या, मग बोलू. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर, आसाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, आणि रुळाच्या माथ्यापासून डब्याच्या तळापर्यंतची उंची. व्हर्नियर नसेल तर शाळेतली पट्टी चालणार नाही, हे आत्ताच सांगतो.

कोपरी_केबिन · रविवार, सकाळी ८:२०

निनाद, उत्तम माल हाती लागलाय. तुर्भेकरांनी मागितलेल्या मापांपैकी पहिलं मी घरबसल्या देतो. मार्क-१ ला मूळ बीआर-१ बोगी असायची, नंतर कॉमनवेल्थ आली, मग बी-४. तिन्हींचा व्हीलबेस ८ फूट ६ इंच. ओओमध्ये एका फुटाला ४ मिमी, म्हणजे ३४ मिमी. त्यामुळे कुठल्याही कंपनीची, कुठल्याही काळातली ओओ मार्क-१ बोगी व्हीलबेसला जुळणारच. दोन बोग्यांच्या केंद्रांतलं अंतर ४६ फूट ६ इंच, म्हणजे १८६ मिमी. किटच्या तळावर हे मोजून बघ, साठ वर्षांत प्लास्टिक वाकलं असेल तर तिथेच कळेल.

निवड दिसण्यावरून करायची असेल तर डब्याचा काळ ठरव. बीआर-१ वेगात नीट धावत नसे म्हणून ओतीव पोलादाची, जाडजूड कॉमनवेल्थ आणली. पन्नासच्या दशकातला लाल-क्रीम डबा करणार असशील तर बीआर-१ च हवी. त्याखाली कॉमनवेल्थ दिसली की जाणकार हसतात. आपल्याकडे तसे जाणकार किती, हा भाग वेगळा.

घेताना मात्र फोटोवर भाळू नकोस. हॉर्नबी, बाकमन, रेप्लिका सगळ्यांच्या मार्क-१ बोग्या सुट्या मिळतात, मोडीत काढलेल्या डब्यांच्याही मिळतात. साइडफ्रेमचं नक्षीकाम बघून लोक मागवतात आणि घरी आल्यावर कळतं की वरचा पिव्हट, म्हणजे डब्याला जोडणारा खुंट, प्रत्येकाचा वेगळा. कुणाचा खटकन बसणारा काटा, कुणाचं स्क्रूचं भोक, कुणाची चांगली जाड चकती. दिसणं सगळ्यात शेवटी. विकणाऱ्याला बोगीचा *वरून* काढलेला फोटो मागायचा, आणि चाकं आहेत की नुसता सांगाडा, ते विचारायचं.

अजून एक. बऱ्याच तयार गाड्यांच्या बोग्या ॲसिटलच्या असतात. बोटाला किंचित तेलकट लागतं ते प्लास्टिक. त्याला पॉलिस्टायरीनचा सिमेंट धरत नाही, सुपरग्लूही काही दिवसांत सोडतो. ती स्क्रूनेच बसवावी लागते. तुझं किट पॉलिस्टायरीनचं आहे, त्यामुळे तळाला काहीही चिकटेल, बोगीला नाही.

पावसाळी_ट्राम · रविवार, सकाळी ९:०२

वाखुसा (वाचनखूण साठवली).

सीमा_सीवूड्स · रविवार, दुपारी १:४५

"कुठून आणायच्या" याला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते. ठाणे-नवी मुंबईत मॉडेल रेल्वेच्या बोग्या शेल्फवर ठेवणारं दुकान मला तरी सापडलेलं नाही. खेळण्यांच्या दुकानात सेलवर चालणारी गाडी मिळते, तिच्या बोगीचं माप कशालाच लागत नाही.

बाहेरून मागवायचं तर हिशेब आधी करा. स्केल मॉडेलं सीमाशुल्काच्या ९५०३ या शीर्षकाखाली, खेळण्यांबरोबरच येतात. त्यावरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. मागवण्याच्या दिवशी काय दर आहे तो बघूनच बटण दाबा. पूर्वी ५००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू म्हणून पार्सल सुटायचं, ती सवलत २०१९ च्या डिसेंबरात गेली. तरी अजून लोक डब्यावर "गिफ्ट" लिहायला सांगतात. त्यात वर २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणन लागतं. माझं एक पार्सल याच गोंधळात कित्येक आठवडे पडून होतं. आत काय, तर आठ जोड्या चाकं!

त्यामुळे सुज्ञ मार्ग एकच: येणाऱ्या माणसाच्या बॅगेत. बोग्या हलक्या, चपट्या, मोज्यात गुंडाळून येतात. निनाद, तुमच्या मामेभावाला पुढच्या खेपेसाठी आत्ताच यादी द्या. आणि यादीत "मार्क-१ बोग्या" एवढंच लिहू नका, त्यांना दुकानात काहीही देतील. केबिनकाकांनी लिहिलेला पिव्हटचा मुद्दा चित्र काढून द्या.

टर्नटेबल_तुर्भे · रविवार, दुपारी ३:३०

माझं मत जरा वेगळं आहे. बोग्या बदलायच्याच कशाला? चौथ्या किटच्या बोग्या धड आहेत म्हणताय. किटमास्टरचं कोरीवकाम त्या काळाच्या मानाने फार सुरेख आहे, ते काढून बाजारातली बोगी लावायची म्हणजे मूळ दागिना मोडून नवा घडवणं. दोष चाकांत आहे, तेवढीच बदला. साइडफ्रेमच्या आतल्या बाजूला २ मिमीचं भोक, त्यात पितळी टोपी-बेअरिंग, त्यात टोकदार आसाची धातूची चाकं. ओओत आस साधारण २६ मिमी लांब येतो. चाकं १४ मिमी व्यासाची, डिस्कवाली. हॉर्नबीच्या पाकिटावर १४.१ लिहिलेलं असतं, तीच. १२.६ ची मालवाहू वाघिणींची, ती घेऊ नका, डबा बसका दिसेल.

मोडलेल्या साइडफ्रेमसुद्धा जोडता येतात. पॉलिस्टायरीन आहे, मागून अर्धा मिमीची पट्टी लावली की झालं.

कोपरी_केबिन · रविवार, दुपारी ४:१०

मूळ बोगी वाचवण्याबद्दल दुमत नाही. पण साठीच्या प्लास्टिकमध्ये २ मिमीचं भोक पाडताना ॲक्सलबॉक्स (आसाचं टोक धरणारी पेटी) तडकला की पुढे काय? हाती पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचा ड्रिल), अंगठ्याच्या जोराने, थोडं थोडं. ड्रिल मशीन लावलं की घर्षणाने प्लास्टिक वितळून बिटाला गुंडाळतं.

आणि धड किट एकच आहे. बाकी तिघांना बोग्या लागणारच.

निनाद_नौपाडा · सोमवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. व्हर्नियर शेजारच्या काकांकडून आणला. केंद्रांतलं अंतर तीन तळांवर १८६ च्या आसपास भरतंय, चौथा तळ मधे पोटाला आल्यासारखा वाकलाय. व्हीलबेस ३४. फोटो चढवायचा प्रयत्न केला, साइट "फाइल मोठी आहे" म्हणते.

ठरलं असं: धड बोग्यांना फक्त चाकं, बाकी तीन डब्यांना बदली बोग्या. मामेभाऊ दिवाळीत येतोय, यादी गेली. दरम्यान बसवण्याचं शास्त्र कोणी नीट सांगेल का? पूर्वी एक डबा केला होता, तो सरळ रुळावर राजासारखा आणि वळणावर नेहमी बाहेरच्या अंगाला उतरायचा.

कोपरी_केबिन · मंगळवार, सकाळी ७:३५

वळणावर उतरण्याची कारणं तीनच असतात. चाकांमधलं अंतर, तीन टेकूंचा अभाव, किंवा खालचं काहीतरी चाकाला घासणं. वजन कमी हे चौथं म्हणता येईल, पण त्याला लोक उगाच पहिला मान देतात.

चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिमी हवं. विकत आणलेली चाकंसुद्धा मोजून घे, आणि आस हाताने पिळून चाक सरकवताना सरळ ठेव, नाहीतर डगमगतं.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही बोग्या सगळीकडून सैल ठेवल्या तर डबा होडीसारखा हलतो. दोन्ही घट्ट केल्या तर रूळ जिथे जरा मुरडलाय तिथे एक चाक हवेत. म्हणून एक बोगी अशी बसवायची की ती पुढे-मागे मान हलवेल, पण आडवी कलणार नाही. त्यासाठी पिव्हटच्या डाव्या-उजव्या बाजूला, तळाला खालून, १ मिमीच्या पट्टीचे दोन तुकडे चिकटव, बोगीच्या बोल्स्टरवर, म्हणजे मधल्या आडव्या दांडीवर, टेकतील असे. दुसऱ्या बोगीला मधोमध फक्त एक लहान वॉशर, बाकी सगळं मोकळं. डबा मग तीन ठिकाणी टेकतो, आणि तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही.

पिव्हटला एम-२ चा स्क्रू. तळातलं भोक स्क्रूला घट्ट, बोगीतलं किंचित मोठं. खालून नायलॉक नट (आपोआप न सैलावणारा). तो मिळत नसेल तर दोन साधे नट एकमेकांवर आवळ. पूर्ण कसून मग पाव फेरा सोड. स्क्रू-वॉशर ठाण्यात शोधत बसण्यापेक्षा मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठ, फक्त पाव किलोखाली देणार नाही असं म्हणणाऱ्या दुकानासमोरून पुढे जा, कोपऱ्यावरचा देतो.

उंचीचा निकष एकच ठेव: बफरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून साधारण १४ मिमी. सगळे डबे याच मापावर आण, बोगी कुठलीही असो. कमी पडली तर वॉशर, जास्त झाली तर तळाची गादी घासून काढ. कपलर, पायऱ्या, सगळं त्यानंतर. लोक उलटं करतात, आधी कपलर लावतात आणि मग उंची बदलली की रडतात.

घणसोली_गेज · मंगळवार, दुपारी १२:२०

आयसीएफबद्दल मी लिहितो, त्यात हात पोळलेले आहेत.

आपल्याकडे बहुतेक जण भारतीय गाड्या एचओत, म्हणजे १:८७ मध्ये करतात. आयसीएफ डब्याची लांबी २१.३३७ मीटर, एचओत २४५ मिमी. बोगीचा व्हीलबेस २८९६ मिमी, एचओत ३३.२ मिमी. आता वर वाचा, इंग्रजी ओओ मार्क-१ चा किती? ३४! पाऊण मिमीचा फरक, डोळ्याला दिसत नाही. म्हणजे निनादने मामेभावाकडून दोन जोड्या जास्त मागवल्या तर डेक्कन क्वीनचा पाया तिथेच पडेल.

मेख चाकात आहे. आयसीएफचं नवं चाक ९१५ मिमी, एचओत १०.५. ओओ बोगीत १४ ची चाकं असतात, ती काढून १०.५ ची घालायची. आस पावणेदोन मिमी खाली येतो, डबा तितकाच बसतो, ती उंची पिव्हटवर वॉशरने भरून काढायची. वर एचओच्या चाकांचे आस ओओपेक्षा आखूड, म्हणजे बेअरिंग टोपी पूर्ण आत न ठोकता थोडी बाहेर ठेवायची. जमतं. आपल्या रेल्वेत रिकाम्या डब्याच्या बफरची कमाल उंची ११०५ मिमी, एचओत १२.७ मिमी, त्याला जुळवा.

साइडफ्रेम मात्र इंग्रजीच दिसणार. मी त्या घासून सपाट केल्या आणि वर रेझिनमध्ये छापलेल्या आयसीएफच्या साइडफ्रेम चिकटवल्या. महाप्याला थ्रीडी प्रिंटिंगचं जॉबवर्क करणारे आहेत, फाइल तुमची असेल तर छापून देतात. पूर्ण बोगी रेझिनची करू नका. टोकदार आस रेझिनमध्ये थेट फिरवला की भोक झिजतं आणि साइडफ्रेम काचेसारखी तुटते. पीएलए (थ्रीडी प्रिंटरचं साधं प्लास्टिक) तर नकोच, साठेक अंशांना मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली माझी बोगी केळ्यासारखी होऊन आली.

ज्यांना २२ जून २०२२ नंतरची, एलएचबी (जर्मन डिझाइनच्या नव्या) डब्यांची डेक्कन क्वीन करायची आहे त्यांचं काम उलट सोपं आहे. एलएचबीची फियाट बोगी युरोपातल्या युरोफिमा डब्यांच्या फियाट बोगीच्या कुळातली, व्हीलबेस तोच, २५६० मिमी. म्हणजे रोकोसारख्या मॉडेल कंपन्यांच्या एचओ युरोफिमा डब्याची बोगी जवळपास जशीच्या तशी चालते, चाकांसकट.

टर्नटेबल_तुर्भे · मंगळवार, दुपारी १२:४१

एवढं अचूक मोजून शेवटी १६.५ च्या रुळावरच ठेवणार ना? ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत १९.२ हवं. 😄

घणसोली_गेज · मंगळवार, दुपारी १२:५८

ठेवणार! आणि ओओवाल्यांनी तर बोलूच नये. १६.५ ला ७६ ने गुणा, तुमची इंग्रजी गाडी सव्वाचार फुटांहून कमी रुंदीच्या रुळावर धावते. खरी ४ फूट साडेआठ इंच.

पिटलाइन_निवृत्त · मंगळवार, रात्री ८:१५

मी कॅरेज अँड वॅगनमध्ये आयुष्य काढलं, मॉडेल कधी केलं नाही. नातवाने हा धागा दाखवला. दोन गोष्टी सांगतो, उपयोग झाला तर बघा.

कोपरीवाल्यांनी बाजूला पट्ट्या लावायला सांगितल्या, ते खऱ्या आयसीएफ बोगीच्या फार जवळ जातं. आमच्या बोगीत डब्याचं वजन मधल्या पिव्हटवर नसतंच. ते दोन बाजूंच्या साइड बेअररवर असतं, एकमेकांपासून १६०० मिमीवर, तेलात बुडालेले. पिव्हट फक्त बोगीला फिरू देतो आणि ओढीचा, ब्रेकचा जोर पोचवतो. तुम्ही लोक पिव्हटवर सगळा भार टाकता आणि मग डबा डुलतो म्हणता.

दुसरं, छापायला साइडफ्रेम देताना बघा. ॲक्सलबॉक्सच्या दोन्ही अंगांना स्प्रिंग असते, तिच्यात तेलाचा डॅशपॉट (धक्के शोषणारा). मधे खाली बोल्स्टरच्या मोठ्या स्प्रिंगा, आणि बाजूला लोंबणारे स्विंग लिंक. ब्रेक चाकाच्या दोन्ही बाजूंनी ब्लॉक दाबतात. एलएचबीत यातलं काही दिसणार नाही, तिथे डिस्क आसावर असते. नातवाच्या डब्यात एलएचबीच्या चाकाला ब्रेक ब्लॉक लावलेले बघून मला राहवलं नाही.

१९५५ ला पेरांबूरला कारखाना सुरू झाला तेव्हा हे डिझाइन स्वित्झर्लंडच्या श्लिरेन कंपनीकडून आलं. शेवटचा आयसीएफ डबा २०१८ च्या जानेवारीत बाहेर पडला. पण अजून बरेच धावतायत. ठाण्याला फलाटावर उभं राहून समोरच्या फलाटाला लागलेल्या गाडीची बोगी पाच मिनिटं नीट बघा, कुठल्याही फोटोपेक्षा बरं.

सीमा_सीवूड्स · मंगळवार, रात्री ८:३३

काका, अजून लिहा ना. वेगळा धागा काढा हवं तर.

कोपरी_केबिन · मंगळवार, रात्री ९:००

काका, नमस्कार. १६०० मिमी एचओत १८.४ येतात. माझ्या पट्ट्या आजवर अंदाजाने असायच्या, आता त्याच अंतरावर लावतो.

पिटलाइन_निवृत्त · मंगळवार, रात्री ९:२२

लावा. तेल घालू नका म्हणजे झालं, खालच्या रुळावर येईल.

निनाद_नौपाडा · दिवाळीनंतरचा रविवार, सकाळी ११:१०

धागा वर काढतोय. बोग्या आल्या, मोज्यातूनच आल्या. तीन डबे उभे राहिले.

पिव्हट अर्थातच जुळला नाही. आलेल्या बोग्यांना खटकन बसणारा काटा होता. तो कापून, मधे भोक पाडून एम-२ टाकला. एका टोकाला पट्ट्या, दुसऱ्या टोकाला वॉशर. उंची १४ वर आणायला दोन डब्यांना अर्ध्या मिमीचे वॉशर लागले, तिसऱ्याला काहीच नाही. ज्याचा तळ वाकला होता त्याला आतून पितळी पट्टी चिकटवून सरळ केलं.

वळणावर सगळ्यात मोठा त्रास भलत्याच ठिकाणी निघाला. तळाखाली बॅटरीची पेटी आणि व्हॅक्यूम सिलिंडर आहेत ना, त्यातल्या एका पेटीचा कोपरा ४३८ च्या वळणावर आतल्या चाकाला लागत होता. आवाज नाही, काही नाही, नुसता डबा उचलला जायचा. चाकाच्या कडेला मार्करने शाई लावून डबा हाताने वळणावरून ढकलला, कोपऱ्यावर शाईचा डाग उमटला. तेवढा कोपरा आतून तासला, बाहेरून दिसत नाही.

वजनाचा मुद्दा: अमेरिकन एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेचा एचओसाठीचा हिशेब, १ औंस आणि वर दर इंचाला अर्धा औंस, मी ओओलाच लावला. डबा २५८ मिमी, म्हणजे सव्वादहा इंचांच्या आत. १७० ग्रॅमच्या आसपास येतं. जिमच्या दुकानात मिळणारी चिकट वजनं नव्हे, टायरच्या दुकानातली व्हील बॅलन्सिंगची पट्टी, तळाच्या मधोमध नाही तर दोन बोग्यांच्या बरोबर वर.

तीनही डबे आता दुसऱ्या त्रिज्येवर उलटे ढकलले तरी उतरत नाहीत.

चौथा, मूळ बोग्यांचा, अजून खोक्यात आहे, कारण पितळी टोप्या संपल्या. वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याला विचारलं. म्हणाला, २ मिमीची टोपी काढून देतो, पण शंभराखाली मशीन लावणार नाही. एका डब्याला आठ लागतात. कोणाला हव्या आहेत का? एकत्र करू.

टर्नटेबल_तुर्भे · रविवार, सकाळी ११:२६

बत्तीस माझ्या नावावर लिही. कॉलर ठेवायला सांग, बिनकॉलरच्या आत घुसतात. आणि आतला कोन ६० अंशांचा करायला सांग, सपाट भोक पाडून देईल नाहीतर.

घणसोली_गेज · रविवार, सकाळी ११:४०

चोवीस. एचओसाठी आहेत, पण बाहेरचा व्यास २ च राहू दे.

सीमा_सीवूड्स · रविवार, दुपारी १२:०५

सोळा. नमुना आधी एक घेऊन आसावर फिरवून बघा, मगच बाकीच्या काढायला सांगा. पैशांचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.